घर नावावर करण्याआधी : आई-वडिलांचा सांभाळ, पोटगी, पेन्शन आणि वृद्धाश्रमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत, तहसील कचेरीच्या आवारात आणि सोसायटीच्या बाकावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा देशभराचा आहे, पण त्याचे नियम आणि पेन्शनच्या योजना राज्यागणिक बदलतात.

मुलगा म्हणतोय, घर माझ्या नावावर करून टाका. करू का?

हयातीत करू नका. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त रडूही इथूनच सुरू होतं.

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा जोडीदाराला बक्षीस द्यायचं तर मुद्रांकशुल्क फक्त २०० रुपये आहे (बाकीची शुल्कं वेगळी). स्वस्त आहे म्हणून लोक पटकन करून मोकळे होतात. पण बक्षीसपत्र नोंदवलं की त्याच दिवशी मालकी गेली. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही त्या घरात मुलाच्या मर्जीने राहता. मुलगा चांगला असेलही, पण त्याच्यावर कर्ज झालं, त्याचा घटस्फोट झाला किंवा तोच तुमच्या आधी गेला, तर पुढच्या माणसाशी तुमचा काहीही करार नसतो. चांगल्या मुलांच्या आई-वडिलांवरही अशी वेळ येते, म्हणून हा सल्ला मुलावरच्या अविश्वासातून आलेला नाही.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा. ते तुमच्या मृत्यूनंतरच लागू होतं आणि तोवर कितीही वेळा बदलता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या समोर सही हवी. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. फॅमिली डॉक्टरांकडून ‘मानसिक स्थिती ठीक आहे’ असा त्याच तारखेचा दाखला जोडला आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली, तर पुढे भांडायला फारसं काही उरत नाही.

‘नंतर ट्रान्सफरचा त्रास नको’ हे कारण मुलं हमखास देतात. सोसायटीत नामनिर्देशन केलेलं असलं की शेअर सर्टिफिकेटचा प्रश्न बराचसा सुटतो. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो विश्वस्तासारखा असतो, मालकी शेवटी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते. म्हणून दोन्ही करा.

बक्षीसपत्र तर करून बसलोय आणि आता कोणी विचारत नाही. घर परत मिळेल?

मिळू शकतं. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ यासाठीच आहे. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने बक्षीस म्हणून ‘किंवा अन्य प्रकारे’ मालमत्ता देताना, घेणाऱ्याने तिच्या मूलभूत सोयी आणि गरजा भागवाव्यात अशी अट घातली असेल आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं धरून न्यायाधिकरण (या कायद्याखाली प्रांत कार्यालयात बसणारं) रद्द करू शकतं. व्यवहार हा कायदा लागू झाल्यानंतरचा हवा.

गाडी अडते ती ‘अट’ या शब्दावर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की सांभाळाची अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं ‘मुलगा सांभाळत नाही’ पुरणार नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने घर आईला परत दिलं. तिथे बक्षीसपत्रासोबत मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिल्याचं आईचं म्हणणं होतं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा आणि गरज असेल तर न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं.

तेव्हा आधी आपलं बक्षीसपत्र काढून शब्दन् शब्द वाचा. ‘प्रेमापोटी व सेवेपोटी’ एवढंच लिहिलेलं असतं तिथे लढाई अवघड जाते. पण सोबतचं वचनपत्र, त्या काळातली पत्रं, व्हॉट्सॲपवरचे निरोप, भावंडांसमोर झालेलं बोलणं, हे सगळं गोळा करा. काही फाडू नका, काही डिलीट करू नका.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर अट कशी लिहायची?

वकिलाकडून मसुदा करून घ्या, पण त्यात या अर्थाचं वाक्य आहे ना, ते स्वतः वाचा : ‘देणार व त्यांची पत्नी यांच्या हयातीपर्यंत त्यांचे अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शुश्रूषा घेणार यांनी करावी, या अटीवर हे बक्षीस दिले आहे. अट न पाळल्यास देणार यांस ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क राहील.’

त्याच्या जोडीला, दोघांपैकी शेवटची व्यक्ती जिवंत असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राखून ठेवल्याचं वेगळं कलम घाला. पत्नीचा उल्लेख बहुतेक वेळा सुटतो आणि मागे राहते ती बहुतेक वेळा तीच. ‘एवढं लिहिलं तर मुलाला वाईट वाटेल’ असं वाटत असेल, तर बक्षीसपत्र करूच नका.

वडील गेले. भाऊ म्हणतायत, आईने आणि बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात.

बहिणींनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. आईने सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. बाराव्या-तेराव्याच्या सुमारास घरात सगळे जमलेले असतात, तेव्हाच कागद पुढे येतो. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं असं आईला सांगितलेलं असतं आणि त्याच गठ्ठ्यात हक्कसोडपत्रही असतं. वारसनोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं नाव लागायलाच हवं. हक्कसोड केली की ते उतरतं. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही, त्यामुळे दुय्यम निबंधकासमोर उभं राहिल्यावरही ‘मला हे करायचं नाही’ असं म्हणता येतं.

आईचं नाव सातबाऱ्यावर राहिलं म्हणून शेती अडत नाही. ते नाव आहे तोवर घरात तिच्या शब्दाला वजन राहतं. गावोगाव हे दिसतं, त्याला पुरावा लागू नये.

दोन भावांनी आई-वडील वाटून घेतलेत. बाबा थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. हे चालतं का?

कायद्यात असं ‘वाटप’ कुठेच नाही. पोटगीची जबाबदारी प्रत्येक सज्ञान अपत्याची आहे, मुलीचीही. आई-वडील एकत्र राहून सगळ्यांकडून रक्कम मागू शकतात आणि न्यायाधिकरण ती प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वाटून देऊ शकतं. महिन्या-महिन्याची पाळी लावणं, पहिल्या तारखेला पिशवी भरून दुसऱ्या मुलाच्या दारात सोडणं, हे पैशाच्या हिशेबात बरोबर बसत असेल. पण औषधांचे डबे, चष्मा, रेशनकार्ड, आधार, शेजारपाजार यातलं निम्मं दर महिन्याला मागे राहतं. जोडप्याची म्हातारपणी अशी ताटातूट करू नका. दोघं एका छताखाली राहतील आणि खर्च वाटला जाईल, अशी व्यवस्था बसवा.

पोटगी नेमकी कोण आणि कोणाकडे मागू शकतं?

आई-वडील कोणत्याही वयात मागू शकतात, त्यासाठी साठ पूर्ण असण्याची अट नाही. सावत्र आणि दत्तक घेणारे आई-वडीलही त्यात येतात. मुलगा, मुलगी, नातू, नात (सज्ञान) यांच्याकडे मागता येते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडे मागता येते. काका-काकूंची जमीन कसणारा पुतण्या यात येऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सून आणि जावई यांच्यावर मात्र हा कायदा थेट जबाबदारी टाकत नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ती तरतूद होती, महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा काढण्याचीही होती. ते विधेयक मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. त्यामुळे मर्यादा आजही १०,०००. पुण्या-मुंबईत एका खाटेला खिळलेल्या माणसाचा औषधं, डायपर आणि मदतनीस यांचा खर्च धरला तर ही रक्कम तोकडी आहे आणि ती बदलायलाच हवी.

अर्ज कुठे करायचा? वकील लागतो का?

उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांत कार्यालयात. न्यायाधिकरणाचे प्रमुख तेच असतात. तुम्ही जिथे राहता, शेवटी जिथे राहत होता किंवा मुलं जिथे राहतात, यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज चालतो. स्वतः जाता येत नसेल तर अधिकार देऊन दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला पाठवता येतं.

अर्जात मुलांची पूर्ण नावं, पत्ते, नोकरी-धंदा, तुमचं उत्पन्न आणि महिन्याचा खर्च लिहा. ‘मुलगा वाईट वागतो’ यावर तीन पानं लिहिण्यापेक्षा औषधांच्या बिलांची एक यादी जास्त उपयोगी पडते. सोबत वयाचा पुरावा, आधार, डॉक्टरांची कागदपत्रं आणि मालमत्ता दिली असेल तर त्या दस्ताची प्रत जोडा. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.

कलम १७ नुसार इथे वकिलामार्फत बाजू मांडण्याची सोय नाही, आपली बाजू आपणच सांगायची. काही उच्च न्यायालयांनी ही बंदी सैल केली आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी लेखी मागा. कायद्यात तिची सोय आहे, पण मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते.

निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील करता येतं. आदेश होऊनही मुलगा पैसे देत नसेल तर पुन्हा अर्ज करा. वसुलीचं वॉरंट निघू शकतं आणि एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. एक लक्षात ठेवा : फौजदारी न्यायालयातली पोटगी (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) आणि ही पोटगी, यांपैकी एकच मार्ग घेता येतो.

पोटच्या पोरावर अर्ज करायचा? लोक काय म्हणतील?

हा प्रश्न बहुतेक आई विचारते, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अर्ज केला की नातं तुटेल ही भीती खरी असते. पण या कायद्यात सुनावणीआधी सलोखा अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची सोय आहे. तो दोन्ही बाजूंना बसवतो, एक महिन्याच्या आत तोडगा निघतो का पाहतो आणि निघाला तर तसाच आदेश होतो. घरात वर्षभर न झालेलं बोलणं तिसऱ्या माणसासमोर होतं. पुष्कळ मुलं नोटीस आल्यावर पहिल्यांदा आईच्या औषधांचा खर्च किती आहे ते ऐकतात.

लोक बोलतील. पण लोक गोळ्या आणून देत नाहीत. उपाशीपोटी मुलाची अब्रू राखणाऱ्या बायका आपल्याकडे फार आहेत, आणि त्यांच्या सहनशीलतेचं कौतुक करणं आता थांबवायला हवं.

मुलगा-सून त्रास देतात. घर माझ्या नावावर आहे. त्यांना बाहेर काढता येईल?

त्रास सिद्ध झाला तर न्यायाधिकरण मुलाला घर रिकामं करण्याचा आदेश देऊ शकतं. मुंबईतल्या एका प्रकरणात मुलगा स्वतःच साठीला आला म्हणून उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा लागू केला, कारण अर्जाच्या दिवशी मुलगा साठीच्या आत होता.

सुनेचं तसं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून तो हक्क डावलता येणार नाही. मुलाने पुढे होऊन आई-वडिलांकडून अर्ज करवायचा आणि बायकोला बाहेर काढायचं, असेही प्रकार होतात. त्यात सहभागी होऊ नका.

मुलगा अमेरिकेत आहे. कायदा तिथे चालतो?

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही हा कायदा लागू आहे. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र अवघड होतं. परदेशातल्या मुलांच्या बाबतीत पैशाची तक्रार तशी कमीच असते. रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडल्यावर कोणाला हाक मारायची, हा तिथला खरा प्रश्न आहे. घराची एक किल्ली शेजारी ठेवा, दाराला आतून वरची कडी लावू नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एकटे राहणारे ज्येष्ठ म्हणून नाव नोंदवा. निवृत्तीवेतनधारकांना नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. मुलं सुट्टीत आली की त्यांच्याकडून हे एकदा शिकून घ्या.

सरकारकडून महिन्याला काही मिळतं का?

गरिबांना मिळतं. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे, अर्ज तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेत करायचा. २०२३ मध्ये रक्कम हजारावरून १,५०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालच्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेतून मिळतं, पण त्यात ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून तेवढाच आहे. उरलेला भार राज्य उचलतं.

श्रावणबाळची उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे. महिन्याला १,७५० झाले. रोजगार हमीवर थोडे दिवस काम केलेल्या म्हाताऱ्यालाही हा दाखला मिळवताना कसरत करावी लागते, आणि मुलगा कमावता असेल तर तो सांभाळत असो वा नसो, अर्ज अडतो. ज्याला मुलाने टाकलंय त्यालाच मुलगा आहे म्हणून पेन्शन नाकारलं जातं. अशा वेळी प्रांताकडच्या पोटगी अर्जाची प्रत तहसीलदारांना द्या. सांभाळ होत नाही याचा तो निदान एक कागद असतो.

एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यभर मोफत प्रवास आहे. आधार कार्ड जवळ ठेवा.

सत्तरीनंतरचं पाच लाखांचं कार्ड सगळ्यांना मिळतं?

हो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारची आरोग्य योजना असणाऱ्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. भरती होण्याआधी ते रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचं ऑपरेशन यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या किंवा घरी ठेवलेला मदतनीस यात बसत नाही.

घरी सांभाळायला माणूस ठेवताना काय पाहायचं?

ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा प्रशिक्षित नर्स नसतात, हे आधी समजून घ्या. इंजेक्शन, कॅथेटर, नाकातली नळी असेल तर नर्सच हवी. खाटेला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. टाचा, माकडहाड आणि खुब्यावरची त्वचा रोज उजेडात पाहायची. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. भिंतीला एक वही टांगा : किती वाजता कूस बदलली, काय खाल्लं, लघवी किती वेळा झाली. घरातलं कोणी कामावरून आल्यावर आधी ती वही पाहील.

आधार, पोलीस पडताळणी, आठवड्याची सुट्टी आणि त्यांच्या जेवणाची-झोपण्याची जागा पहिल्या दिवशीच ठरवा. बारा तास उभं राहून म्हाताऱ्या माणसाचं सगळं करणाऱ्या बाईला स्वयंपाकघराच्या दारात चटईवर झोपवायचं, हे योग्य नाही.

आणि घरचीच सून किंवा मुलगी हे सगळं करत असेल, तर तिला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा द्या. पोटगीच्या कायद्यात पैशाचा हिशेब आहे, तिच्या कंबरदुखीचा नाही. तो घरच्यांनी ठेवायचा.

आईला विसरण्याचा आजार सुरू झालाय. बँकेचं आणि कागदपत्रांचं काय?

लवकर करा, आत्ताच. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र संपतं. नंतर पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. समज शाबूत असताना बँक खातं संयुक्त करा, ‘दोघांपैकी कोणीही’ प्रकारचं. नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्या. अखेरच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर तसं वैद्यकीय इच्छापत्र २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येतं.

वृद्धाश्रम निवडताना काय विचारावं?

एकच प्रश्न आधी विचारा : ‘उद्या मी अंथरुणाला खिळलो तर इथे ठेवाल का?’ पुष्कळ ठिकाणी चालत्या-फिरत्या माणसालाच प्रवेश असतो आणि खरी गरज लागते तेव्हा घरी न्यायला सांगतात. उत्तर लेखी घ्या. अनामत कधी आणि किती परत मिळते, जोडप्यातला एक गेला तर दुसऱ्याची खोली बदलते का, रात्री ड्युटीवर किती माणसं असतात, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, हेही विचारा. दुपारी जेवणाच्या वेळी न सांगता एकदा जाऊन या. शौचालयात धरायला दांडा आहे का, जमीन ओली आहे का, ते पाहा.

निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, असं कलम १९ सांगतं. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या आश्रमांची यादी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते.

स्वतःहून वृद्धाश्रमात जायचं ठरवणाऱ्या आई-वडिलांना मुलांनी ‘आमची नाचक्की होईल’ म्हणून अडवू नये.

शेजारच्या आजींना घरचे उपाशी ठेवतात, मारतात. मी काय करू शकतो?

जीवाला धोका असेल तर ११२. नाहीतर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात बोला, मराठीत बोलता येतं. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणं हा कलम २४ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, त्यामुळे प्रांत कार्यालयाला तुम्ही लेखी कळवलंत तरी चालतं.

फोन करण्याआधी शक्य असेल तर आजींशी एकट्याने बोला. घरच्यांसमोर त्या ‘काही नाही बाबा’ म्हणतील. डाळ-तांदूळ घेऊन जा, गच्चीवर किंवा देवळात गाठा, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. काहींना पोलीस नको असतात, फक्त डॉक्टर हवा असतो. काहींना गावी बहिणीकडे सोडायला माणूस हवा असतो. जखमा दिसत असतील तर सरकारी रुग्णालयात नेऊन केसपेपर करून घ्या, त्यावर तारीख असते. अर्ज त्यानंतरही करता येतो.